न वाटलेले पेढे

गुण आला की पेढे द्यायचे, ही आपली रीत. ऑपरेशन नीट पार पडलं, घरात पाळणा हलला, की पुडा आधी देवापुढे आणि मग डॉक्टरांच्या टेबलावर. वंध्यत्वाच्या दवाखान्यात तर हे पुडे सारखे येत असतात. आपण मांडीवर फाइल घेऊन नंबराची वाट बघत बसलेलो असतो आणि कुणाची तरी आई किंवा सासू बाकावरच्या प्रत्येकीच्या हातावर पेढा ठेवत आपल्यापर्यंत येते. "घे गं, तुझेही असेच येतील." त्या पेढ्याला नको म्हणता येत नाही. तिचा आनंद खरा असतो आणि आशीर्वादही.

पण उपकार असे फळावरून मोजायची सवय लागली की एक अडचण होते. ज्या माणसाकडून आपल्याला हवं होतं ते मिळालं नाही, पण दुसरंच काही मोठं मिळालं, त्याच्याकडे काय घेऊन जायचं?

मला मूल झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना शेवटाकडे डोळे लागून राहणार नाहीत. आणि तरी ज्या बाईंनी त्या वर्षांत माझ्या अंगाला सुया लावल्या, त्यांच्याइतकं देणं मी फार थोड्यांचं लागते. त्यांना सगळे ताई म्हणत. मीही तेच म्हणत आले.

माझा जन्म सोलापूरचा, १९८६ चा. त्याच वर्षी ६ ऑगस्टला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा चावडा जन्माला आली आणि 'टेस्ट ट्यूब बेबी' हे शब्द घराघरांत पोचले. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी १९७८ मध्येच हे साधलं होतं, पण त्यांच्या हयातीत त्यांना ते श्रेय कुणी दिलं नाही, हे मी फार पुढे वाचलं. आमच्या घरी हर्षाचं नाव निघायचं, कारण ती आणि मी एका सालच्या. त्यामुळे लग्नाला काही वर्षं होऊनही दिवस राहिले नाहीत तेव्हा मी घाबरले नव्हते. पुण्यात राहत होतो, दोघांना नोकऱ्या होत्या, विज्ञान इतकं पुढे गेलं होतं. होईल, असं वाटत होतं.

तपासण्या झाल्या. नवऱ्याचे रिपोर्ट चांगले, माझे चांगले. फाइलवर 'अनएक्सप्लेन्ड' लिहून आलं. दोष सापडला असता तर त्याच्याशी दोन हात तरी करता आले असते. सगळं ठीक आहे आणि तरीही होत नाही, म्हटल्यावर बाई आपल्या जगण्यातलं एकेक काढून तपासायला लागते. रात्री उशिरापर्यंत जागते म्हणून? चहा जास्त पिते म्हणून? नोकरीत ताण घेते म्हणून? नातेवाईक तर हे प्रश्न आपल्या वतीनेही विचारतात. "टेन्शन घेऊ नकोस, मग राहील बघ," हे वाक्य तर मी इतक्या जणींकडून ऐकलं, की टेन्शन घेणं हाच माझा गुन्हा असल्यासारखं वाटू लागलं.

मग फॉलिक्युलर स्टडी सुरू झाली. पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी. फॉलिकल अठरा-वीस मिलिमीटरचं झालं की ते फुटावं म्हणून इंजेक्शन. आणि त्यापुढच्या कुठल्या दोन रात्री, तेही डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं. ज्या गोष्टीत फक्त आम्ही दोघं असायचो तिथे दवाखान्याचा शिक्का आला. नंतर आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, झालं. दर महिन्याला शेवटचे चौदा दिवस जीव मुठीत धरून काढायचे आणि मग न्हाणीघरात जाऊन आपलं आपण रडायचं. माझी झोप गेली. पहाटे तीनला टक्क जाग यायची. सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा, कारण रात्रभर दातावर दात रोवलेले असायचे.

ताईंचा पत्ता मला ऑफिसातल्या एका बाईंकडून मिळाला. त्यांचा खांदा आखडला होता, वेणी घालायला हात वर जात नव्हता. ताईंच्या सुयांनी तो सुटला. त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "तू झोपत नाहीस. एकदा जाऊन ये."

नारायण पेठेत, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर ताईंच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, आत पडदा लावून दोन पलंग. भिंतीवर बाळांचे फोटो नव्हते. महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने ॲक्युपंक्चरला मान्यता दिली, त्यानंतरच्या नोंदणीचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं, आणि शेजारी त्यांच्या गुरूंचा एक जुना फोटो. ताई मूळच्या परिचारिका. सरकारी इस्पितळाच्या लेबर रूममध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीच्या आधीपासूनच त्या कलकत्त्याला शिकून आलेल्या एका डॉक्टरांच्या हाताखाली सुया शिकत होत्या.

त्यांनी माझी फाइल बाजूला ठेवली आणि आधी बाकीचं विचारलं. झोप कशी? भूक लागते का? पाय गार पडतात का? पाळीत कंबर दुखते की ओटीपोट? दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, जीभ बाहेर काढायला लावली. मग विचारलं, "मूल व्हावं म्हणून आलीस?"

"हो."

"ते माझ्या हातात नाही. झोप सुधारेल, मान-खांदे मोकळे होतील, पाळीतलं दुखणं बहुतेक कमी होईल. एवढ्यासाठी यायचं असेल तर ये. औषधं आणि तुझ्या डॉक्टरांची ट्रीटमेंट चालूच ठेवायची."

मी कुठेतरी वाचलं होतं की सुयांनी आयव्हीएफचं यश वाढतं. ते मी बोलून दाखवलं. ताई उठल्या आणि कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीतले दोन छापील कागद घेऊन आल्या. पहिला २००२ चा, जर्मनीतला. १६० बायका, निम्म्यांना भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी आणि नंतर पंचवीस-पंचवीस मिनिटं सुया लावल्या. सुया लावलेल्यांमध्ये ४२.५ टक्के बायकांना दिवस राहिले, न लावलेल्यांमध्ये २६.३ टक्के. "हा कागद सगळे दाखवतात," ताई म्हणाल्या. दुसरा २०१८ चा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला. तिथे ८४८ बायका होत्या आणि निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना टोचल्याचा नुसता भास देणाऱ्या. मोजलं होतं ते प्रत्यक्ष जन्माला आलेलं मूल. खऱ्या सुयांनी १८.३ टक्के, खोट्यांनी १७.८. "म्हणजे फरक नाहीच," त्या म्हणाल्या. "हा कागद मी दाखवते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निराशेने नव्हे. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला शहाणं माणूस समजून बोललं होतं. वंध्यत्वाच्या बाजारात आशा फार महाग विकली जाते. काढे आहेत, अंगठ्या आहेत, 'गर्भधारणा पॅकेज' आहेत. ताईंच्या शेजारच्याच पेठेत एका ठिकाणी ॲक्युपंक्चरच्या सिटिंगचे पैसे एकरकमी आगाऊ घेत. ताई ज्या त्या दिवसाचे घेत, आणि तेही बेताचेच. मी एकदा महिन्याचे एकदम देऊ केले तर म्हणाल्या, "उद्या यावंसं वाटलं नाही तर? पैसे अडकले म्हणून येऊ नये कुणी माझ्याकडे."

सुईबद्दल थोडं लिहिते, कारण अनेकींच्या मनात इंजेक्शनची सुई असते. ही केसासारखी बारीक, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, आतून भरीव. प्रत्येक वेळी नवी. ताई कागदी पाकीट फाडायच्या, स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसायच्या, प्लॅस्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवायच्या आणि नळीतून वर डोकावणाऱ्या सुईच्या बुडावर तर्जनीने एकच टिचकी. मग नळी काढून घेऊन, सुई दोन बोटांत हलकेच फिरवत आत सरकवत विचारायच्या, "आलं?" येणं म्हणजे खोलवर एक जड, बोथट कळ उठायची आणि नडगीतून वर किंवा पावलाकडे निघायची. ती आली की ताई हात काढून घ्यायच्या. टाळूवर एक, भुवयांच्या मध्ये एक, मनगटांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांखाली, आणि पायाच्या घोट्यापासून चार बोटं वर, आतल्या अंगाला. ही घोट्यावरची जागा बायकांच्या दुखण्यांसाठी चिनी वैद्य शतकानुशतकं वापरत आले आहेत. मात्र दिवस राहिल्याची शक्यता असेल तर तिथे आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात सुई लावायची नाही, असा दंडक आहे. म्हणून पाकीट फाडण्याआधी ताई पाळीची तारीख विचारायच्याच.

ओटीपोटावर लाल उजेडाच्या दिव्याची ऊब. उजव्या हाताच्या बोटांपाशी देवघरातली असते तशी पितळेची छोटी घंटा. "काही वाटलं तर वाजव, मी बाहेरच आहे." मोबाइल बाहेरच्या टोपलीत. किती सुया लावल्या तो आकडा ताई एका चिठ्ठीवर लिहायच्या, काढताना मोठ्याने मोजायच्या आणि आकडा जुळला की सगळ्या सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात. ही लेबर रूमची सवय. तिथे बोळे मोजल्याशिवाय बाईला टेबलावरून उतरवत नाहीत, असं त्या म्हणायच्या.

आणि मग अर्धा तास. त्या अर्ध्या तासात माझ्या शरीराकडून कुणाला काही नको होतं. बाकी सगळीकडे ते कायम परीक्षेला बसलेलं असे: फॉलिकल किती मिलिमीटर, अस्तर किती जाड, एएमएच किती, वय किती. ताईंच्या पलंगावर पाय म्हणजे पाय होते, मनगट म्हणजे मनगट. पोट नुसतं शेकलं जात होतं. मी कधीपासून स्वतःच्या पोटाकडे फक्त रागाने बघत होते, हे मला त्या पलंगावर पडल्या पडल्या कळलं.

काही आठवड्यांत झोप परत आली. पहिल्यांदा रात्र सलग गेली तेव्हा मला दूधवाल्याच्या हाकेने जाग आली आणि मी कितीतरी वेळ तशीच अंथरुणात पडून राहिले, त्या जागेपणाचा आनंद घेत. जबडा सुटला. पाळीत पहिले दोन दिवस गोळ्या घ्याव्या लागत, त्या सुटल्या. हा गुण सुईचा की त्या अर्ध्या तासाचा, असं मी ताईंना विचारलं होतं. "दोन्हीचा," त्या म्हणाल्या. "आणि तू मोबाइल बाहेर ठेवतेस त्याचाही."

माझ्या नवऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय हे ऋण पुरतं सांगता येणार नाही. तो मला स्कूटरवरून सोडायचा आणि न्यायला यायचा. बाहेरच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचा. एकदा ताई बाहेर आल्या आणि त्याच्यासमोर बसून म्हणाल्या, "तुम्हाला झोप लागते का हो?"

इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. ना त्याच्या आईने, ना दवाखान्यात, ना मी. दवाखान्यात त्याचं काम एका डबीपुरतं आणि सह्यांपुरतं. घरी त्याने मला सांभाळायचं, हे धरूनच चाललेलं. तो "हो, लागते की" म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. ताईंनी दुसऱ्या पलंगावरची चादर बदलली, त्याला आडवं केलं आणि पडद्याच्या पलीकडे त्यालाही सुया लावल्या. पडद्याच्या अलीकडून मी त्याचं रडणं ऐकलं. आमच्या घरात तो कधी रडला नव्हता. रडायची माझीच पाळी असे. त्या संध्याकाळी आम्ही घरी न जाता नदीकाठाने चालत राहिलो आणि कितीतरी महिन्यांनी तारखा, रिपोर्ट, इंजेक्शनं सोडून दुसरं काहीतरी बोललो. त्याच्या कंपनीतल्या भांडणाबद्दल, त्याच्या वडिलांच्या शेताबद्दल. पुढे आम्ही दोघं मिळूनच जाऊ लागलो. आज आमचं लग्न धड आहे, त्यात त्या एका प्रश्नाचा वाटा फार मोठा आहे.

२०२० च्या मार्चनंतर सगळंच बंद पडलं. आयव्हीएफची केंद्रंही काही काळ थांबली. ताईंनी फोनवरून आम्हाला दाबबिंदू शिकवले: मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध, आणि घोट्यावरची ती जागा. रात्री आम्ही एकमेकांचे पाय दाबत बसायचो. त्या जूनमध्ये गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीची बातमी आली आणि चिनी वस्तूंवर बहिष्काराची हवा तापली. आमच्या नात्यातले एक काका मला फोनवर म्हणाले, "त्या चिनी सुया बंद कर आता." मी ते ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू सोलापूरची ना? मग कोटणिसांचं नाव सांग त्यांना."

सोलापूरच्या मुलीला कोटणीस शिकवावे लागत नाहीत. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं: अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. कोटणीस परतलेच नाहीत. शस्त्रक्रिया करत, शिकवत तिथेच राहिले, चिनी परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला आणि सोलापुरात त्यांच्या घराचं आता स्मारक झालं आहे. हे सगळं मला पाठ होतं. मला ठाऊक नव्हतं ते यापुढचं, ते ताईंनी सांगितलं. त्या पाचांपैकी विजयकुमार बसू स्वातंत्र्यानंतर पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकून १९५९ च्या सुमारास कलकत्त्याला परतले आणि तिथे त्यांनी रोग्यांना सुया लावायला, शिष्यांना शिकवायला सुरुवात केली. कोटणिसांच्या नावाने चालणाऱ्या स्मारक समितीच्या कामात ही विद्या त्यांनी रुजवली. ताईंचे गुरू त्याच परंपरेतले. भिंतीवरच्या फोटोकडे मी मग वेगळ्या नजरेने बघू लागले. माझ्या घोट्यावर टिचकी मारणारं ते बोट कुणाकुणाचं शिकून तिथवर आलं होतं! युद्धात माणसं वाचवायला गेलेल्या पाच डॉक्टरांचं काहीतरी माझ्यापर्यंत पोचलं होतं, आणि त्यातला एक माझ्या गावचा होता. काकांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

२०२१ मध्ये आम्ही आयव्हीएफला गेलो. रोज पोटात इंजेक्शन, तेही नवराच द्यायचा. ताईंनी त्याला बेंबीपासून दोन बोटं लांब चिमूट कशी धरायची ते दाखवलं होतं. बीजं चांगली निघाली, खूप निघाली. दवाखान्यात सगळे खूश होते. दोन-तीन दिवसांनी माझं पोट तटतटून आलं. दवाखान्यात फोन केला तर पलीकडून सांगितलं, थोडं फुगतंच, भरपूर पाणी प्या, काळजी करू नका. मला वाटलं, ताईंकडे पडून राहिलं तर बरं वाटेल.

मी दारातून आत आले आणि ताई जागच्या उठल्या. त्यांनी सुयांचा डबा उघडलाच नाही. "वजन किती वाढलं?" मी कालच्यापेक्षा दीड किलो जास्त म्हणून सांगितलं. "लघवी?" कमी होत होती. "आडवं झालीस की धाप लागते?" लागत होती. त्यांनी माझ्या बोटातली अंगठी फिरवून बघितली, ती फिरेना. "आज सुई नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठायचं," त्या म्हणाल्या, स्वतः रिक्षा थांबवली आणि माझ्याबरोबर बसल्या. अपघात विभागात त्यांनी डॉक्टरांना मोजक्या शब्दांत सगळं सांगितलं, बीजं कधी काढली, वजन किती, लघवी किती. अंडाशय इंजेक्शनांना गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देतात तेव्हा रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपून पोटात साठायला लागतं. रक्त घट्ट होतं, गुठळ्या होण्याचा धोका असतो, मूत्रपिंडावर ताण येतो. वेळेत गेलं तर बहुतेक बायका बऱ्या होतात. मी वेळेत गेले. पोटातलं पाणी काढावं लागलं, रक्त पातळ राहण्याची इंजेक्शनं झाली, काही दिवस मी तिथेच होते. भ्रूण गोठवून ठेवले गेले.

मला नेहमी वाटतं, त्या दिवशी ताईंच्या जागी सुयांवर आंधळा विश्वास असलेलं कुणी असतं तर? पाणी साठलं आहे, दिवा लावू, चार पॉइंट घेऊ, असं म्हणणारं? आपली विद्या कुठे थांबते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हाती आपलं शरीर द्यावं, असं मी तेव्हापासून मानत आले आहे. ताईंना सुयांबद्दल प्रेम होतं, पण माझ्यावर जास्त होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. गोठवलेले भ्रूण एकेक करून सोडले गेले. प्रत्येक वेळी प्रोजेस्टेरॉनच्या तेलकट इंजेक्शनांनी पार्श्वभागावर गाठी, त्या ताईंनी शेकून घ्यायला शिकवल्या. प्रत्येक वेळी गर्भधारणा तपासणाऱ्या बीटा एचसीजीचा आकडा शून्याजवळ. त्याच दिवसांत नवऱ्याच्या मामेबहिणीचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायची वेळ झाली तेव्हा मी कुंकवाचा करंडा हातात घेतला आणि एका वडीलधाऱ्या बाईंनी, अगदी हसून, तो माझ्या हातातून काढून दुसरीकडे दिला. कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही झालंच नाही, असं सगळ्यांना वाटलं असणार. मला मात्र जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मी ताईंना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सुया लावल्या, दिवा लावला, आणि एरवी बाहेर जाऊन बसायच्या त्या त्या दिवशी पलंगापाशी स्टूल ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "मी हजारोंनी बाळंतपणं केली. मूल बाहेर येतं तेव्हा पहिला हात कुणाचा लागतो माहीत आहे? आमचा. आमच्यात विधवा होत्या, बिनलग्नाच्या होत्या, मूल नसलेल्याही होत्या. त्या हातांनी कुठल्या पोराचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही." एवढंच बोलून त्या गप्प झाल्या आणि सुया काढायची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

शेवटचा भ्रूण सोडल्यावरही 'निगेटिव्ह' आलं, तेव्हा दवाखान्याने नवीन सायकल सुचवली. मी ताईंना विचारलं, काय करू? त्यांनी उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "समजा उद्या कुणी सांगितलं की आता काही करायचं नाही, तर पहिल्यांदा काय वाटेल?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सुटले असं वाटेल." नवरा शेजारच्याच पलंगावर होता. पडद्यापलीकडून तो म्हणाला, "मलाही." आम्ही थांबलो. त्या निर्णयाचं दुःख अजून आहे. गणपतीत घरी भाचरं जमतात तेव्हा ते जास्त जाणवतं. पण निर्णय आमचा होता आणि तो आम्ही थकून, पैसे संपून किंवा कुणाच्या बोलण्याने घेतला नाही. तो आम्ही नीट झोप झालेल्या माणसांनी घेतला.

त्यानंतरही मी ताईंकडे जात राहिले, मानेसाठी, झोपेसाठी, कधी नुसती. मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. ज्या दिवशी एका रोग्याला दुसऱ्यांदा टिचकी मारावी लागली, त्या दिवशी त्यांनी काम बंद केलं आणि नाशिकला मुलीकडे गेल्या.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघं त्यांना भेटून आलो. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. ताईंनी चटणीत दही कालवून तिथेच खायला घेतली, नवऱ्याच्या कंबरेची चौकशी केली, माझी जीभ बघितली. मी त्यांना सांगितलं की तुमच्याबद्दल लिहायचं मनात आहे. त्यांना ते फारसं आवडलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लिही, पण माझं नाव नको. आणि सुयांनी मूल होतं असं कुठे लिहू नकोस. तुला काय झालं तेवढंच लिही. आणि ते पोट फुगल्याचं मात्र सविस्तर लिही. वजन झपाट्याने वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली, की सुया-बिया काही नाही, कुणी फोनवर काही का सांगेना, आधी हॉस्पिटल. वाचणाऱ्या पोरींपैकी एखादीला तरी ते कळलं पाहिजे."